एका बाजूला अठरा मिनिटं: स्वतंत्र संगीताच्या तबकडीचं गणित

३०० रेकॉर्ड छापायला यंत्राला साधारण अडीच तास पुरतात. एक तबकडी सुमारे ३० सेकंदांत तयार होते, म्हणजे ३०० तबकड्यांचे ९,००० सेकंद. पण या अडीच तासांपर्यंत पोचण्यात कित्येक आठवडे जातात. त्या आठवड्यांत जे साधतं किंवा बिघडतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा त्याच्याही आधी, गाण्यांची यादी करताना घेतलेल्या निर्णयांत असतं.

पुण्याच्या कात्रज, आंबेगाव, धनकवडी या पट्ट्यात भारती विद्यापीठासारख्या संस्थांमुळे हजारो तरुण राहतात, आणि त्यांतले बरेच जण गातात, वाजवतात, संगीत रचतात. एक लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, एक बरा मायक्रोफोन आणि गाद्या-पडद्यांनी शांत केलेली खोली एवढ्यावर आज अल्बम उभा राहतो. तो इंटरनेटवर चढवायला काही मिनिटं लागतात. तोच अल्बम रेकॉर्डवर आणायचा ठरवला की संगीताला पहिल्यांदा लांबी, रुंदी आणि खोली येते, आणि या तिन्हींना मर्यादा असते.

हिशेबासाठी एक नमुना घेऊ. दहा गाणी, प्रत्येक गाणं साडेचार मिनिटांचं, एकूण ४५ मिनिटं. १२ इंची तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेरे, ३०० प्रती. माझं म्हणणं असं की या रेकॉर्डच्या आवाजाचा दर्जा महागड्या यंत्रापेक्षा कलाकाराने स्वतः केलेल्या साध्या गुणाकार-भागाकारावर जास्त ठरतो, आणि हे गणित गाणी ध्वनिमुद्रित होण्याआधी करायला हवं.

बाजार: ४.४ कोटी तबकड्या

अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये तिथे सुमारे ४.१ कोटी विनाइल रेकॉर्ड विकल्या गेल्या आणि सीडी ३.३ कोटी. १९८७ नंतर प्रथमच नगांच्या संख्येत रेकॉर्डने सीडीला मागे टाकलं. २०२४ मध्ये रेकॉर्डचा आकडा ४.४ कोटींच्या आसपास गेला आणि त्यातून आलेली रक्कम १४० कोटी डॉलर होती. वाढीचं ते सलग अठरावं वर्ष होतं.

स्वतंत्र कलाकाराला या मोठ्या आकड्यांचा थेट फायदा होत नाही, उलट कधी त्रासही होतो, कारण जगातल्या मोजक्या कारखान्यांच्या रांगेत मोठ्या कंपन्यांच्या लाखालाखांच्या ऑर्डरी पुढे आणि ३०० प्रतींची ऑर्डर मागे उभी असते. म्हणून कारखाना कुठे आहे, किती जवळ आहे, हा प्रश्न छोट्या कलाकारासाठी फार मोठा ठरतो. आपल्याकडे त्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

१९०२, १९०८, १९३५, २०२४

ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग याने १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला. त्या मेणाच्या मूळ तबकड्या जहाजाने जर्मनीतल्या हॅनोव्हरला गेल्या, तिथे रेकॉर्ड छापल्या गेल्या आणि पुन्हा जहाजाने भारतात विकायला आल्या. १९०८ मध्ये कोलकात्याच्या सियालदहला ग्रामोफोन कंपनीचा कारखाना सुरू झाला, तेव्हा हा फेरा संपला. पुढे कंपनीचा कारभार दमदमला गेला आणि कित्येक दशकं भारतीय घरांतल्या बहुतेक तबकड्या तिथूनच आल्या.

आपल्या विषयासाठी त्याहून महत्त्वाचं साल १९३५ आहे. त्या वर्षी मुंबईत नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी राहिली आणि तिने ‘यंग इंडिया’ या लेबलखाली ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड काढायला सुरुवात केली. १९५५ पर्यंत, म्हणजे वीस वर्षं, हे काम चाललं. मोठ्या कंपन्या ज्यांच्याकडे वळून पाहत नव्हत्या अशा नवख्या आणि हौशी कलाकारांना या लेबलने जागा दिली. नाणावलेली नावं मोठ्या कंपन्यांशी करारबद्ध होती, त्यामुळे यंग इंडियाला नवे आवाज शोधावे लागले, आणि शहरातच छपाईची सोय असल्याने ते परवडलं. आज आपण ज्याला स्वतंत्र संगीत म्हणतो, त्याचा मराठी मुलखातला हा भक्कम पूर्वज आहे. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था १९९० मध्ये मुंबईत सुरू झाली. तिचे डॉ. सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दस्तऐवजांसाठीच्या योजनेतून यंग इंडियाच्या रेकॉर्डचं डिजिटल जतन केलं. त्यांचे हे कष्ट नसते तर या हौशी गायकांचा मागमूसही राहिला नसता.

कॅसेट आणि सीडीच्या लाटेत देशातली रेकॉर्डची छपाई थांबली. त्यानंतर ज्या भारतीय कलाकाराला रेकॉर्ड काढायची असे, त्याच्या संगीताची फाइल युरोपात जाई आणि तबकड्या सीमाशुल्क भरून परत येत. १९०२ चाच मार्ग, फक्त मेणाऐवजी फाइल. दिल्लीच्या अमर्रास रेकॉर्ड्सने गेल्या दशकात वेगळी वाट धरली. त्यांनी जर्मन बनावटीच्या यंत्रावर एकेक तबकडी थेट कापून विकली. २०२४ मध्ये मुंबई परिसरात समन्वी या कंपनीने रेकॉर्ड छापण्याचा कारखाना सुरू केला. कित्येक दशकांनंतरचा देशातला हा पहिला. कात्रजच्या कलाकारासाठी हॅनोव्हरचं अंतर आता द्रुतगती मार्गावरच्या काही तासांवर आलं आहे. अंतर मिटलं की उरतं ते तबकडीचं स्वतःचं गणित.

८६ मिलिमीटरची जागा

१२ इंची तबकडीवर संगीताची खाच केंद्रापासून सुमारे १४६ मिलिमीटरवर सुरू होते आणि सुमारे ६० मिलिमीटरपर्यंत आत येऊ शकते. त्याच्या आत लेबल आणि शेवटची मोकळी खाच. म्हणजे संगीतासाठी जागा मिळते सुमारे ८६ मिलिमीटर. तबकडीच्या एका बाजूला एकच सलग नागमोडी खाच असते. मिनिटाला ३३⅓ फेरे, तर २२ मिनिटांत ७३३ फेरे. ८६ मिलिमीटरमध्ये ७३३ वळसे बसवायचे तर दोन वळशांमधलं अंतर ११७ मायक्रॉन येतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

ही जागा कशी वाटली जाते ते पाहू. खाचेचा आकार इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा, ९० अंशांचा असतो, त्यामुळे तिची खोली रुंदीच्या निम्मी येते. खाच सरासरी ६० मायक्रॉन रुंद धरू आणि दोन खाचांमध्ये किमान १० मायक्रॉनची भिंत ठेवू. हे ७० मायक्रॉन वजा केले की उरलेल्या जागेत शेजारशेजारच्या दोन खाचांनी डावी-उजवीकडे डोलायचं. हे डोलणं म्हणजेच संगीत. डोलायला जागा जास्त, तर आवाज मोठा. या गृहीतांवर केलेला हिशेब असा:

१८ मिनिटं: ६०० वळसे, अंतर १४३ मायक्रॉन, एका बाजूला डोलायला ३७ मायक्रॉन.
२० मिनिटं: ६६७ वळसे, अंतर १२९ मायक्रॉन, डोलायला २९ मायक्रॉन.
२२ मिनिटं: ७३३ वळसे, अंतर ११७ मायक्रॉन, डोलायला २४ मायक्रॉन.
२५ मिनिटं: ८३३ वळसे, अंतर १०३ मायक्रॉन, डोलायला १७ मायक्रॉन.
३० मिनिटं: १,००० वळसे, अंतर ८६ मायक्रॉन, डोलायला ८ मायक्रॉन.

डेसिबलमध्ये सांगायचं तर २२ मिनिटांच्या बाजूच्या तुलनेत १८ मिनिटांची बाजू जवळपास ४ डेसिबल मोठी कापता येते, २५ मिनिटांची ३ डेसिबल लहान आणि ३० मिनिटांची ९ डेसिबलहून लहान. तबकडीची खरखर मात्र सगळीकडे तेवढीच राहते. संगीत ९ डेसिबल खाली गेलं की ऐकणारा आवाज वाढवतो आणि खरखरही तेवढीच वर येते. ३० मिनिटांच्या बाजूला आपण दिलेल्या जास्तीच्या आठ मिनिटांची किंमत ऐकणारा तीसच्या तीस मिनिटं भरतो.

प्रत्यक्षात कापणारं यंत्र, म्हणजे कटिंग लेथ, इतकं सरधोपट नसतं. तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा असतो. चांगला लेथ येणारं संगीत एका फेऱ्याच्या सुमारास आधी ‘ऐकतो’ आणि शांत जागी वळसे जवळ, जोरकस जागी दूर ठेवतो. या युक्तीने बरीच जागा वाचते. सुरुवातीची शांत आलापी, मधला विराम, तानपुऱ्यावरचा एकटा सूर यांना कमी जागा लागते आणि वाचलेली जागा पुढच्या भरदार भागाला मिळते. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच दणक्यात वाजणाऱ्या अल्बममध्ये वाचवायला काहीच नसतं, तिथे वरचा हिशेब जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो.

५० हर्ट्झ: ढोलकी, ट्रक आणि वीज

खर्जाचा सूर खाचेत फार जागा खातो. त्याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. सुईच्या वेगावर आवाजाची पातळी ठरते, आणि तोच वेग कमी कंपनसंख्येला हवा असेल तर सुईला जास्त लांब डोलावं लागतं. १,००० हर्ट्झच्या सुराला सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगासाठी ८ मायक्रॉन डोलणं पुरतं. तेवढ्याच वेगाने ५० हर्ट्झचा सूर कापायचा तर १५९ मायक्रॉन डोलावं लागेल. वरच्या यादीतली सगळ्यात ऐसपैस बाजूसुद्धा ३७ मायक्रॉनच देते.

यावर १९५४ मध्ये अमेरिकेतल्या उद्योग संघटनेने एक मानक ठरवलं, जे आज जगभर पाळलं जातं. कापताना खर्ज दाबायचा, उंच कंपनसंख्येचा भाग उचलायचा, आणि वाजवताना अँप्लिफायरने नेमकं उलट करायचं. ५० हर्ट्झवर हा बदल सुमारे १७ डेसिबलचा, म्हणजे सातपट आहे. १५९ ला ७ ने भागलं की २३ मायक्रॉन येतात. २२ मिनिटांच्या बाजूला डोलायला २४ मायक्रॉन मिळतात हे वर दिसलंच. एका बाजूला २२ मिनिटं ही जुन्या कारागिरांची मर्यादा नुसत्या सवयीची नव्हती, हे या दोन आकड्यांच्या जवळिकीतून कळतं.

आता कात्रजच्या खोलीत परत येऊ. मुंबई-बंगळुरू महामार्गाचा बाह्यवळण रस्ता इथूनच जातो. बोगद्याकडे चढणाऱ्या ट्रकांची घरघर २० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात भिंतींतून, फरशीतून मायक्रोफोनच्या स्टँडपर्यंत पोचते. मोबाइलच्या स्पीकरवर ती ऐकूच येत नाही, म्हणून मिक्स करताना कोणाच्या लक्षात येत नाही. तबकडीवर तीच घरघर डोलण्याची जागा खाते. आपल्या विजेची कंपनसंख्याही ५० हर्ट्झ, त्यामुळे सदोष अर्थिंगची गुणगुण थेट याच जागी येऊन बसते. जिथे तितक्या खालच्या सुराचं वाद्य नाही त्या प्रत्येक ट्रॅकवर ४० हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाकणं, स्टँडखाली जाड रबर घालणं आणि अर्थिंग तपासून घेणं या तीन गोष्टींना फारसा खर्च येत नाही, पण कापणाऱ्याच्या टेबलावर त्यांचा फायदा कित्येक डेसिबलचा असतो.

खर्जाचा दुसरा नियम दिशेचा. स्टिरिओ तबकडीत डावा आवाज खाचेच्या एका भिंतीवर आणि उजवा दुसऱ्या भिंतीवर असतो. ॲलन ब्लूमलाइन यांच्या १९३१ च्या पेटंटमधली ही कल्पना १९५०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. दोन्ही बाजूंना सारखा असलेला सूर खाचेला आडवा हलवतो, आणि दोन्ही बाजूंना उलटा असलेला सूर तिला खाली-वर हलवतो. खर्जाचा जोरकस सूर असा उलटा आला तर खाच उथळ होते, सुई उडते. म्हणून कापणारे साधारण १५० हर्ट्झच्या खालचं सगळं मध्यभागी आणतात. डग्गा, ढोलकीची धुम, पखवाजाचा घुमारा, बास गिटार हे पहिल्यापासून मध्यभागी ठेवलं तर मास्टरिंगमध्ये मिक्सचा तोल ढळत नाही.

आतली खाच आणि द्रुत लय

तबकडी एकाच गतीने फिरते, पण सुईखालून जाणाऱ्या खाचेचा वेग बदलत जातो. बाहेरच्या कडेला तो सेकंदाला ५१ सेंटिमीटर असतो, लेबलाजवळ २१. १०,००० हर्ट्झच्या सुराची एक लहर बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते, आत ती २१ मायक्रॉनवर येते. नेहमीच्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच १८ मायक्रॉन असते. इतक्या बारीक लहरींत ती नीट उतरू शकत नाही, म्हणून लेबलाजवळ ‘स’, ‘श’, ‘च’ ही व्यंजनं फाटतात, झांज आणि टाळ कर्कश होतात. त्यात मानकाप्रमाणे कापताना १०,००० हर्ट्झचा भाग १३.७ डेसिबलने, म्हणजे जवळपास पाचपट उचललेला असतो.

पाश्चात्त्य अल्बमनी यावर सोपा उपाय काढला, बाजूच्या शेवटी संथ गाणं. आपल्या संगीताची घडण नेमकी उलटी आहे. ख्याल विलंबितापासून सुरू होऊन द्रुताकडे जातो, सतारीचा झाला अगदी शेवटी येतो, अभंग टाळांच्या गजरात टिपेला पोचतो. सगळ्यात वेगवान, सगळ्यात झळाळता भाग तबकडीच्या सगळ्यात कमकुवत जागेवर येऊन पडतो. हा प्रश्न आपल्या कलाकारांनी परदेशी मार्गदर्शिकांवर सोडू नये, कारण तिथे त्याचं उत्तर नाही.

उत्तर पुन्हा मिनिटांत आहे. बाजू १६ मिनिटांची ठेवली आणि वळशांमधलं अंतर १२० मायक्रॉन ठेवलं तर ५३३ वळशांना ६४ मिलिमीटर लागतात. संगीत केंद्रापासून ८२ मिलिमीटरवर संपतं. तिथे खाचेचा वेग सेकंदाला २१ ऐवजी जवळपास २९ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३७ टक्के जास्त. द्रुत बंदिशीला श्वास घ्यायला जागा मिळते. दुसरा उपाय मिनिटाला ४५ फेऱ्यांचा. त्यात बाहेरचा वेग ६९ सेंटिमीटर होतो, पण एका बाजूला बारा मिनिटांच्या आसपासच थांबावं लागतं. चार गाण्यांच्या छोट्या संचाला हा पर्याय उत्तम.

मर्यादेतून रचना घडवण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. ७८ फेऱ्यांच्या १० इंची तबकडीला जेमतेम तीन मिनिटं मिळत, आणि अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकाने तेवढ्यात राग उभा केला. १९५५ मध्ये अली अकबर खाँ यांच्या वादनाची एल.पी. निघाली आणि भारतीय रागसंगीताला प्रथमच तबकडीवर सलग वीस मिनिटांचा विस्तार मिळाला. त्या काळच्या कलावंतांना आपल्या बाजूची मिनिटं तोंडपाठ असत. आजच्या कलाकारालाही ती तोंडपाठ हवीत.

मास्टरिंग: काय पाठवायचं

स्ट्रीमिंगसाठी केलेलं मास्टर बहुतेक वेळा दाबून मोठं केलेलं असतं. उंच टोकं छाटून सरासरी वर आणलेली असते. स्पॉटिफायसारखी सेवा वाजवताना सगळ्या गाण्यांची पातळी −१४ एलयूएफएसच्या (जाणवणारा आवाज मोजण्याचं एकक) आसपास आणते, म्हणजे तिथेही या दाबण्याचा फायदा उरत नाही. तबकडीवर तर तोटाच होतो. टोकं छाटलेलं, सतत भरलेलं संगीत प्रत्येक वळशात पूर्ण जागा मागतं, लेथला जागा वाचवता येत नाही आणि कापणाऱ्याला एकूण पातळी खाली आणावी लागते. मोठं करून पाठवलेली फाइल तबकडीवर लहान वाजते.

म्हणून रेकॉर्डसाठी वेगळं मास्टर लागतं. २४ बिटची वेव्ह फाइल, टोकं छाटणारा शेवटचा लिमिटर काढलेला, टोकांना २-३ डेसिबलची मोकळीक, ‘स’कार ५,००० ते ८,००० हर्ट्झच्या पट्ट्यात आधीच आवरलेले, १५० हर्ट्झखालचं मध्यभागी. प्रत्येक बाजूची एक सलग फाइल, गाण्यांमधले विराम मोजून ठेवलेले, सोबत प्रत्येक गाण्याची सुरुवात मिनिट-सेकंदांत लिहिलेली. विराम मोजायचं कारण असं की जोरदार खाच शेजारच्या वळशाच्या भिंतीला किंचित ढकलते आणि ठोक्याच्या १.८ सेकंद आधी त्याची पुसट चाहूल ऐकू येते. पूर्ण शांततेनंतर एकदम मोठी सुरुवात असेल तर ही चाहूल लपत नाही.

लॅकरपासून स्टॅम्परपर्यंत

कापण्याचं काम संगीताच्या वेळेतच होतं. १८ मिनिटांची बाजू कापायला १८ मिनिटं. ॲल्युमिनियमच्या १४ इंची चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा मऊ लेप असतो, त्याला लॅकर म्हणतात. माणकाची किंवा नीलमची तापवलेली सुई त्यात खाच कोरते आणि निघणारा बारीक तंतू हवेने ओढून घेतला जातो. १८ मिनिटांच्या बाजूची खाच सुमारे ३९० मीटर लांब भरते. मध्येच चूक झाली तर दुरुस्ती नसते, नवं लॅकर घेऊन पहिल्यापासून सुरुवात.

६ फेब्रुवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावातला अपोलो मास्टर्सचा कारखाना आगीत जळाला. लॅकर बनवणारे जगात तेव्हा दोनच मोठे कारखाने होते. उरला फक्त जपानचा. सगळ्या जगाचं काम एका कारखान्यावर आलं. १९८०च्या दशकात जर्मनीतल्या टेलडेक कंपनीने आणलेली तांब्यावर थेट कापण्याची पद्धत त्यामुळे पुन्हा महत्त्वाची ठरली, कारण तिला लॅकर लागतच नाही.

लॅकरवर चांदीचा पातळ थर देऊन त्यावर विजेच्या साहाय्याने निकेल चढवतात. ते सोलून काढलं की उलटी प्रत मिळते, तिला फादर म्हणतात. फादरवरून सुलटी मदर, मदरवरून पुन्हा उलटा स्टॅम्पर. स्टॅम्परच्या जोडीत गरम पीव्हीसीचा गोळा आणि लेबलं ठेवून सुमारे शंभर टनांच्या दाबाने तबकडी छापतात. एका स्टॅम्परवर साधारण हजार तबकड्या निघतात. ३०० प्रतींसाठी फादरलाच स्टॅम्पर म्हणून वापरण्याची छोटी पद्धतही आहे. ती स्वस्त पडते, पण पुढे दुसरी आवृत्ती काढायची झाली तर पुन्हा कापावं लागतं. ज्याला आपल्या संगीतावर विश्वास आहे त्याने मदर करून ठेवावी.

छपाईच्या आधी चाचणीच्या पाच-दहा तबकड्या येतात. त्या घाईने मान्य करू नयेत. निदान तीन वेगवेगळ्या प्लेअरवर ऐकाव्यात. एकाच तबकडीवरची टिकटिक छपाईतली असते. सगळ्या तबकड्यांवर एकाच जागी येणारी टिकटिक धातूच्या साच्यातली असते आणि तिच्यासाठी काम थांबवण्याचा कलाकाराला पूर्ण हक्क आहे.

३०० चा खर्च

खर्चाचे दोन भाग पडतात. कापणं, निकेलचे साचे, चाचणीच्या प्रती हा स्थिर खर्च. तबकडी, लेबल, कव्हर हा प्रत्येक प्रतीमागचा खर्च. निव्वळ उदाहरणासाठी स्थिर खर्च एक लाख रुपये धरला तर १०० प्रतींवर तो प्रतिनग १,००० रुपये पडतो, ३०० वर ३३३, ५०० वर २०० आणि १,००० वर १००. १०० वरून ३०० वर जाताना प्रतिनग ६६७ रुपये वाचतात, ५०० वरून १,००० वर जाताना फक्त १००. म्हणून ३०० ते ५०० हा टप्पा छोट्या कलाकाराला सोयीचा. त्यापुढे वाचणारे पैसे थोडे आणि घरात पडून राहणारे खोके जास्त.

वजनाचाही विचार हवा. १४० ग्रॅमच्या ३०० तबकड्या म्हणजे ४२ किलो, १८० ग्रॅमच्या ५४ किलो, कव्हरं वेगळी. खाचेची खोली दोन्हींत तीच असल्याने जाड तबकडीने आवाज आपोआप सुधारत नाही. ते १२ किलो टपालखर्चात मोजून घ्यावेत. तेच पैसे अनुभवी कटिंग इंजिनिअरला दिले तर थेट ऐकू येतात. आणि २५-३० प्रतींचीच गरज असेल तर एकेक तबकडी थेट कापून घेणं शहाणपणाचं, कारण तिथे साच्यांचा खर्चच नसतो.

दोन गाण्यांची किंमत

आता आपला नमुना पुन्हा मांडू. दहा गाणी, ४५ मिनिटं, बाजूला साडेबावीस. हे बसतं, पण काठोकाठ. दोन गाणी फक्त इंटरनेटवर ठेवली तर उरतात आठ गाणी, ३६ मिनिटं, बाजूला १८. आवाज ४ डेसिबलच्या आसपास वर जातो आणि खरखर तितकीच मागे पडते. ढोलकीला जागा मिळते. किंवा थोडं दाटीने कापलं तर बाजू लेबलापासून लांबच संपवता येते आणि शेवटचं द्रुत गाणं स्वच्छ वाजतं. हे सगळं एक रुपयाही जास्त न देता.

हा निर्णय कोणताही इंजिनिअर कलाकाराच्या वतीने घेऊ शकत नाही. तो फाइल मिळाल्यावर काम सुरू करतो, आणि तोपर्यंत मिनिटं ठरलेली असतात. २०१० साली एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव पुण्यात सुरू झाला त्याला दीड दशक होऊन गेलं. या शहरात स्वतःची गाणी रचणाऱ्यांची आणि ती तिकीट काढून ऐकणाऱ्यांची पिढी तयार झाली आहे. छपाईचा कारखाना घाटाखाली आला आहे. १९३५ मध्ये हौशी गायकांना यंग इंडियामुळे जी संधी मिळाली, तशी संधी आज पुन्हा समोर आहे. तिचा फायदा घेणाऱ्याने पहिलं गाणं मुद्रित करण्याआधी एका कागदावर बाजू ‘अ’ आणि बाजू ‘ब’ असे दोन रकाने आखावेत, प्रत्येकाखाली १८ हा आकडा लिहावा आणि गाणी त्यात बसवायला लागावं.